आईच्या भिंतीवरचा फोटो

केस म्हणजे बाईचं अर्धं रूप, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. शिकेकाईचं न्हाणं, माक्याचं तेल, आईच्या पुढ्यात बसून घालून घेतलेल्या घट्ट वेण्या! घरातल्या एखाद्या मुलीनं केस नुसते खांद्यापर्यंत कापून आणले तरी दोन दिवस चर्चा चालते. मग डोक्यावर एकही केस न ठेवता लाखो लोकांसमोर गायला उभी राहणारी तरुणी तुम्हाला दाखवली, तर तुम्ही काय म्हणाल?

शिनेड ओकॉनर हे तिचं नाव. आयर्लंडची गायिका. आपली बरीचशी गाणी ती स्वतःच लिहायची. १९९० च्या सुमारास कॉलेजात असलेल्या एखाद्या दिराला किंवा बहिणीला विचारून पाहा. एक मुलगी थेट आपल्याकडे पाहत गाते आहे आणि गाता गाता तिच्या गालावरून पाणी ओघळतं आहे, हे दृश्य कुणाला ना कुणाला नक्की आठवेल. ती ज्या प्रकारचं संगीत गायची त्याला 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात. रॉक संगीतातली मळलेली वाट सोडून, बाजारात काय खपतं याची फारशी पर्वा न करता चालणारी ही धारा.

तुम्ही म्हणाल, हे परदेशी गाणं-बजावणं आमच्या काय कामाचं? पण मैत्रिणींनो, शिनेडची गोष्ट नुसती गाण्याची नाही. एका मुलीनं घरात मार खाल्ला, मोठी झाल्यावर तिनं तोंड उघडलं, आणि ऐकणाऱ्यांनी तिलाच वेडी ठरवलं, अशी ती गोष्ट आहे. म्हणून ती आपल्याही कामाची आहे.

अंग चोरून घेणारी मुलगी

८ डिसेंबर १९६६ रोजी डब्लिन शहरात शिनेडचा जन्म झाला. पाच भावंडांत ती तिसरी. वडील इंजिनीअर होते, पुढे वकील झाले. तिचा थोरला भाऊ जोसेफ ओकॉनर हा आज नावाजलेला कादंबरीकार आहे. बाहेरून पाहणाऱ्याला खातंपितं, देवाधर्माचं, कॅथलिक घर.

आतून मात्र ते घर फाटलेलं होतं. १९७५ च्या सुमारास आईवडील वेगळे झाले. त्या काळी आयर्लंडमध्ये कायद्यानं घटस्फोटच मिळत नसे. तो मिळू लागला १९९५ च्या सार्वमतानंतर, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत शिनेडचे वडीलही होते. आईकडे राहणाऱ्या शिनेडच्या वाट्याला मात्र मार आला. 'रिमेम्बरिंग्ज' हे तिचं आत्मचरित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात तिनं हे सारं लिहून ठेवलं आहे. आई मारत असे, उपाशी ठेवत असे, घराबाहेर बागेत काढत असे.

त्या पुस्तकातली एक लहानशी हकिकत वाचून माझं मन कळवळलं. बालवर्गात असताना अंगाचं मुटकुळं करून सर्वांत लहान कोण होतं, अशा एका खेळात शिनेडनं बक्षीस मिळवलं. बाईंनी कौतुक केलं. पण या पोरीला अंग इतकं चोरून घ्यायला कसं जमतं, हे त्या बाईंना कधी कळलं नाही. मार चुकवायची ती सवय होती! आपल्यापैकी कितीजणी शिक्षिका आहेत, कितीजणी रोज शाळेच्या फाटकाशी मुलांना सोडायला जातात. मूल तोंडानं सांगत नाही, अंगानं सांगतं.

सिस्टरनं दिलेली गिटार

घर असं, तेव्हा पोर बिघडली नाही तरच नवल. शाळा बुडवणं, दुकानातून वस्तू उचलणं सुरू झालं. ही उचलेगिरी आपण आईपाशीच शिकलो, असं शिनेडनं पुढे सांगितलं. शेवटी पंधराच्या आगेमागे तिची रवानगी डब्लिनमधल्या, सिस्टर्सच्या एका सुधारगृहात झाली. तिथं तिनं दीड वर्ष काढलं.

हे सुधारगृह ज्या आवारात होतं तिथंच पूर्वीपासून एक 'मॅग्डालीन' धोबीघर होतं. हा शब्द आपल्याला नवा आहे, म्हणून थोडं सांगते. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ, गरीब किंवा नुसत्याच 'हाताबाहेर गेलेल्या' ठरवलेल्या मुलींना आयर्लंडमध्ये अशा धोबीघरांत ठेवत. तिथं त्या बिनपगारी कपडे धूत. कित्येकींचं आयुष्य तिथंच सरलं. १९२२ नंतर सुमारे दहा हजार बायका या धोबीघरांतून गेल्या, आणि शेवटचं धोबीघर बंद झालं ते १९९६ मध्ये. शिनेड होती त्या आवारातली जमीन १९९३ मध्ये विकली गेली, तेव्हा तिथून १५५ बायकांचे अवशेष उकरून काढावे लागले.

एकदा शिक्षा म्हणून शिनेडला मरणपंथाला लागलेल्या म्हाताऱ्या बायकांमध्ये रात्री झोपायला पाठवलं गेलं. त्या कण्हत होत्या, हाका मारत होत्या, आणि कुणी येत नव्हतं. वागली नाहीस तर तुझंही असंच होईल, हेच आपल्याला सांगायचं होतं, असं ती लिहिते.

पण याच जागी तिला माया करणारी एक सिस्टरही भेटली. तिनं शिनेडला गिटार आणून दिली आणि शिकवायला शिक्षक बघून दिला. तिथं मदतीला येणाऱ्या एका बाईंचा भाऊ 'इन तुआ नुआ' नावाच्या वाद्यवृंदात ड्रम वाजवायचा. त्यानं शिनेडचा आवाज ऐकला, आणि वयाच्या पंधराव्या वर्षी तिनं त्यांच्याबरोबर आपलं पहिलं गाणं केलं. एकाच आवारात तिला भीतीही मिळाली आणि गाणंही मिळालं. पुढे ती धर्मसंस्थेवर कडाडून बोलली, पण देवावर ती कधी रुसली नाही. त्याचं मूळ इथंच असावं असं मला वाटतं.

फेब्रुवारी १९८५ मध्ये मोटार अपघातात आई गेली. शिनेड तेव्हा अठरा वर्षांची. आईच्या खोलीत भिंतीवर पोप जॉन पॉल दुसरे यांचा, १९७९ च्या त्यांच्या आयर्लंड भेटीचा फोटो होता. शिनेडनं तो उतरवून घेतला आणि जपून ठेवला. हा फोटो लक्षात असू द्या.

केस गेले, बाळ आलं

त्याच वर्षी ती लंडनला गेली. तिथल्या एका रेकॉर्ड कंपनीनं तिच्याशी करार केला. कंपनीचे साहेब लोक तिला जेवायला घेऊन गेले आणि म्हणाले, केस वाढव, आखूड स्कर्ट घाल, जरा बायकी दिस. शिनेड ऐकून घेऊन उठली आणि न्हाव्याकडे जाऊन डोकं साफ करून आली!

आपल्याकडे बाईच्या मुंडणाची आठवण दुःखाची आहे. आपल्या पणज्यांवर ते लादलं जाई. शिनेडनं ते आपण होऊन केलं. पुढे तिनं याचं आणखी एक कारण सांगितलं. सुंदर दिसणं तिला लहानपणापासून धोक्याचं वाटे. कुणाची नजर आपल्यावर पडू नये, म्हणूनही ते केस गेले होते.

याच सुमारास तिला दिवस गेले. ती विशीची, बाळाचा बाप तिच्याच वाद्यवृंदातला ड्रमवादक. आता रेकॉर्ड निघायची आणि हे काय मध्येच? तुझ्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचे एक लाख पौंड खर्च झाले आहेत, तेव्हा हे मूल तू होऊ देऊ नयेस, असं कंपनीच्या डॉक्टरकरवी आपल्याला ऐकवलं गेलं, असं शिनेड लिहिते. तिनं मूलही ठेवलं आणि कामही सोडलं नाही. आधीचं ध्वनिमुद्रण मनासारखं झालं नव्हतं, ते बाजूला टाकून तिनं स्वतःच्या देखरेखीखाली सगळं नव्यानं केलं. तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती. १९८७ मध्ये जेक जन्मला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'द लायन अँड द कोब्रा' ही तिची पहिली ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. तिच्यातलं 'ट्रॉय' हे गाणं ऐका. त्यातली आर्त किंकाळी आईसाठी आहे.

१९८९ च्या ग्रॅमी समारंभात तिला गायला बोलावलं. गाताना तिनं आपल्या जीन्सला मागच्या बाजूला लेकाचं झबलं बांधलं होतं. ज्यांनी आई होऊ नकोस म्हटलं होतं, त्यांना हे उत्तर. एक शब्दही न बोलता!

एक गाणं आणि खरे अश्रू

१९९० मध्ये तिची दुसरी ध्वनिमुद्रिका आली. तिच्या सुमारे ७० लाख प्रती खपल्या, असं सांगतात. तीत 'थ्री बेबीज' हे गाणं आहे. पोटातच गमावलेल्या बाळांसाठी तिनं ते लिहिलं. हे दुःख किती बायका मुकाट्यानं गिळतात, ते तुम्हाला सांगायला नको.

पण जगभर गाजलं ते 'नथिंग कम्पेअर्स टू यू'. हे गाणं तिचं नव्हे. ते प्रिन्स या अमेरिकन संगीतकाराचं, १९८५ मध्ये दुसऱ्याच वाद्यवृंदानं गायलेलं. शिनेडनं ते गायलं आणि ते तिचंच होऊन गेलं. इंग्लंडात आणि अमेरिकेत ते प्रत्येकी चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. चित्रफितीत बहुतेक वेळ फक्त तिचा चेहरा दिसतो. गाणं आहे विरहाचं. पण त्यात एके ठिकाणी आईचा उल्लेख येतो, आणि तिथं शिनेडचे डोळे भरून येतात. ते अश्रू ठरवून काढलेले नव्हते. हे गाणं गाताना आपण आईशी बोलतो असं आपल्याला वाटतं, असं तिनं लिहिलं आहे.

मारणाऱ्या आईसाठी रडू येतं? येतं, बायांनो. मुलाला आई हवीच असते, ती कशीही असली तरी. हे कोडं शिनेडनं आयुष्यभर सोडवलं नाही, फक्त गायलं.

१९९१ मध्ये ग्रॅमी पुरस्कारात 'ऑल्टरनेटिव्ह' संगीताचा विभाग पहिल्यांदाच सुरू झाला, आणि त्यातला पहिलावहिला मान शिनेडला मिळाला. तिनं तो घेतला नाही. या लोकांना खपाचं आणि पैशाचं कौतुक, खऱ्याचं नाही, असं तिचं म्हणणं.

फोटो फाटला

आता तो फोटो. ३ ऑक्टोबर १९९२, शनिवारची रात्र. न्यूयॉर्कमध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा लोकप्रिय कार्यक्रम दूरचित्रवाणीवर थेट चालू होता. शिनेड वाद्यांशिवाय, एकटीच्या आवाजात बॉब मार्लेचं 'वॉर' गायली. मूळ गाणं वर्णभेदाविरुद्ध आहे. तिनं त्यात लहान मुलांवरच्या अत्याचाराचे शब्द घातले. तालमीच्या वेळी तिनं शेवटी एका मुलाचा फोटो दाखवला होता. प्रत्यक्षात मात्र तिनं आईच्या भिंतीवरचा तो पोपचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला, टराटरा फाडला, आणि खऱ्या शत्रूशी लढा, एवढंच म्हणाली. सगळीकडे चिडीचूप. एक टाळी नाही.

धर्मगुरूंच्या आणि धार्मिक संस्थांच्या हातून मुलांचे हाल होतात आणि वरिष्ठ ते झाकून ठेवतात, हे तिला सांगायचं होतं. पण तेव्हा किती जणांना ते समजलं? लोकांना एवढंच दिसलं की एका पोरीनं धर्मपित्याचा अपमान केला. श्रद्धाळू माणसांना ते फार लागलं, आणि ते लागणं मी समजू शकते. पण हे तिनं का केलं असेल, असा प्रश्न विचारणारे फार थोडे निघाले. त्या वाहिनीची दारं तिला बंद झाली. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तिच्या ध्वनिमुद्रिकांवरून रोडरोलर फिरवला गेला.

तेरा दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बॉब डिलनच्या गौरवासाठी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठा जलसा होता. शिनेड मंचावर आली आणि प्रेक्षकांनी हुर्यो सुरू केली. डिलनचं गाणं ठरलं होतं, ते बाजूला राहिलं. साथीदारांना थांबवून तिनं पुन्हा 'वॉर'चेच शब्द त्या गोंधळात ओरडून म्हटले. क्रिस क्रिस्टॉफरसन हा ज्येष्ठ गायक तिच्याजवळ आला, खचू नकोस म्हणाला, आणि मंचावरून उतरताना त्यानं तिला कुशीत घेतलं. पुढे २००९ मध्ये त्यानं तिच्यावर गाणंही केलं. हजारोंच्या गर्दीत एक माणूस पुढे आला. पण तोही किती मोठा आधार, नाही का?

तेव्हा शिनेड फक्त पंचवीस वर्षांची होती.

सतरा वर्षांनी

२००२ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रानं धर्मगुरूंच्या अत्याचारांची आणि ती झाकून ठेवणाऱ्यांची प्रकरणं उजेडात आणली. मे २००९ मध्ये खुद्द आयर्लंडमध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. नऊ वर्षांची चौकशी, सुमारे २,६०० पानं. धार्मिक संस्थांच्या शाळांत आणि सुधारगृहांत मुलांना वर्षानुवर्षं कसं छळलं गेलं, ते त्यात लिहिलेलं होतं. मार्च २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी पंतप्रधान एन्डा केनी यांनी मॅग्डालीन धोबीघरांतल्या बायकांची सरकारतर्फे क्षमा मागितली.

म्हणजे शिनेड खरं बोलली होती. पण रोडरोलर फिरवणारे काही परत आले नाहीत. त्या फोटोमुळे तुझं सगळं गेलं, असं लोक तिला म्हणत. ती उलटंच म्हणायची. पहिल्या क्रमांकाच्या गाण्यानं आपण वाट चुकलो होतो, फोटो फाडल्यानं परत वाटेवर आलो, असं तिनं आत्मचरित्रात लिहिलं आहे.

आणि ती गात राहिली. १९९४ मध्ये 'युनिव्हर्सल मदर', २००२ मध्ये आयर्लंडची जुनी लोकगीतं, २००५ मध्ये जमैकाला जाऊन रेगे, २०१४ पर्यंत नव्या ध्वनिमुद्रिका. १९९९ मध्ये एका स्वतंत्र कॅथलिक पंथानं तिला धर्मगुरूची दीक्षा दिली. २०१८ मध्ये तिनं इस्लाम स्वीकारला. देव शोधायचं तिनं सोडलं नाही.

दुखणी आणि एकटेपण

तिचं सगळंच बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. लग्नं टिकली नाहीत. चार मुलं, त्यांचे बाप वेगळे. तोंडाला येईल ते बोलायची, मग पस्तावायची. मन वारंवार आजारी पडे, आणि ते तिनं लपवलं नाही.

२०१५ मध्ये तिची गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यात बीजकोशही काढले गेले. मग पाळी हळूहळू न जाता एकदम जाते आणि शरीराबरोबर मनही ढासळू शकतं. याची पूर्वकल्पना आपल्याला कुणी दिली नव्हती, असं तिनं सांगितलं. आपल्याकडेही पिशवी काढून टाकणं किती सहज बोललं जातं! तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली, तर डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारा : बीजकोश ठेवणार का? आणि काढले तर नंतरचे उपचार काय?

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका साध्या लॉजमधून तिनं रडत रडत चित्रफीत प्रसिद्ध केली. मनाच्या आजारात माणसं जवळ येण्याऐवजी दूर का जातात, हा तिचा प्रश्न होता. जानेवारी २०२२ मध्ये तिचा शेन हा मुलगा सतराव्या वर्षी गेला. त्या घावाबद्दल आपण काय बोलावं!

मार्च २०२३ मध्ये डब्लिनला तिच्या १९९० च्या ध्वनिमुद्रिकेचा गौरव झाला. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. तिनं तो मान आयर्लंडमध्ये आसरा शोधत आलेल्या निर्वासितांना अर्पण केला. त्याच वर्षी २६ जुलैला लंडनमध्ये, ५६ व्या वर्षी, नैसर्गिक कारणांनी तिचा मृत्यू झाला. ८ ऑगस्टला ब्रे या समुद्रकाठच्या गावी तिला निरोप द्यायला हजारो माणसं रस्त्याच्या दुतर्फा उभी होती. एका जुन्या गाडीवरच्या कर्ण्यांतून बॉब मार्लेची गाणी लागली होती. आता सगळे टाळ्या वाजवत होते.

या टाळ्या एवढ्या उशिरा का, असं तुम्हालाही वाटेल. पण हा प्रश्न आयर्लंडपुरता नाही. आपल्या घरातली भाची, शेजारचा मुलगा, शिकवणीला येणारी पोर काही सांगू पाहते, तेव्हा आपल्या तोंडून पटकन काय निघतं? 'गप्प बस, मोठ्यांबद्दल असं बोलू नये.' ज्याचं नाव मूल घेतं तो घरातला वडीलधारा असतो, शिकवणारा असतो, देवाधर्माचा माणूस असतो. मग आपल्याला त्या माणसाची अब्रू आधी दिसते आणि मूल नंतर.

तेव्हा एवढं करा. मूल बोलू लागलं की हातातलं काम बाजूला ठेवा. उलटतपासणी घेऊ नका, रागावू नका. 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढं म्हणा. एकटीला निभावत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मोफत मदतक्रमांकावर फोन करा. तो रात्री-अपरात्रीही चालतो. आणि एखादं मूल काहीच न बोलता नुसतंच अंग चोरून बसत असेल, तर त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. सांगायला त्याला कदाचित आणखी चार दिवस लागतील. ते चार दिवस त्याला द्या.